सत्तरी ओलांडलेल्या पेशंटचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन: घरच्यांनी काय काय बघायचं

पित्ताशय काढायचं दुर्बिणीतलं ऑपरेशन आता इतकं सरसकट होतं, की 'तासाभराचं काम आहे, काळजी करू नका' एवढंच सांगून सर्जन पुढच्या पेशंटकडे वळतात. त्यात खोटं काही नाही. वयस्कर पेशंटच्या बाबतीतही पोटातलं काम बहुधा नीटच होतं. घोळ होतो तो आजूबाजूला. रक्त पातळ करायची गोळी वेळेत थांबवलेली नसते, सकाळी कुणीतरी प्रेमाने कपभर चहा पाजलेला असतो, रात्री आजोबा सलाईन उपटून घरी निघतात, नाहीतर लघवी अडते. यातलं बरंचसं आधी ठरवून टाळता येतं आणि ते काम घरच्यांचंच असतं. म्हणून हा लेख पेशंटसोबत धावपळ करणाऱ्या माणसासाठी आहे. औषधांबद्दल जे लिहिलं आहे ते डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं हे कळावं म्हणून. त्यावरून स्वतः डोस बदलू नका.

१. ऑपरेशन खरंच लागतंय का?

दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात पित्ताशयात खडे आले, पण कधी दुखलं नाही, तर सहसा काहीच करायचं नसतं. अशा शंभर जणांपैकी वर्षाला एक-दोघांनाच त्रास सुरू होतो. पित्ताशयात १० मिमीपेक्षा मोठा पॉलिप (आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब) असेल किंवा भिंतीत कॅल्शियम साचलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे कॅन्सरची शंका धरून सर्जनला दाखवाच.

खड्यांचं दुखणं उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खालच्या खळग्यात येतं, अर्ध्या तासापासून काही तास टिकतं, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जातं. लग्नातल्या जेवणानंतर किंवा तळकट खाल्ल्यावर रात्री उठतं. घरोघरी याला ॲसिडिटी समजून गोळ्या दिल्या जातात आणि वर्ष निघून जातं. त्याहून वाईट म्हणजे हेच दुखणं हार्ट अटॅकचंही असू शकतं. सत्तरीच्या माणसाच्या पोटात वरच्या बाजूला दुखलं तर आधी ईसीजी, मग सोनोग्राफी, हा क्रम सोडू नका.

म्हाताऱ्या माणसात पित्ताशयाला सूज आली तरी ताप येईलच असं नाही, पोट फार दुखेल असंही नाही. जेवण टाकलं, मलूल झाले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागले, एवढ्यावरच निभावतं. आत मात्र पू झालेला असतो.

एकदा दुखणं होऊन गेलं असेल, तर 'वय झालंय, आता कशाला कापाकापी' हा विचार उलटा पडतो. झटका पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते आणि तापात, पू झालेला असताना, रात्री दोन वाजता केलेलं ऑपरेशन हे ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी जोखमीचं असतं. सूज नुकतीच आली असेल तर पहिल्या ७२ तासांत, फार तर आठवडाभरात करणं चांगलं. त्यानंतर आतले थर एकमेकांना चिकटतात आणि मग साधारण ६ आठवडे थांबावं लागतं. खड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आली असेल तर त्याच ॲडमिशनमध्ये पित्ताशय काढून घेण्याचा आग्रह धरा. घरी पाठवून 'महिन्याने या' म्हटलं की मधल्या काळात पेशंट पुन्हा तिथेच येतो.

ज्यांची प्रकृती भूल सोसण्यासारखी नसते त्यांच्या पित्ताशयात बाहेरून सोनोग्राफीच्या आधाराने नळी घालून पू काढतात. तो तात्पुरता उपाय; खडे आतच राहतात.

खडे विरघळवणारी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी फक्त बारीक, कॅल्शियम नसलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर आणि तेही नीट चालणाऱ्या पित्ताशयात काम करते. महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि थांबवली की खडे परत होतात. ऑलिव्ह ऑइल आणि सफरचंदाच्या रसाने 'खडे पडले' म्हणून जे हिरवे मणी दाखवतात, ते तेलाचेच घट्ट झालेले गोळे असतात.

२. खडा पित्तनलिकेत उतरला आहे का, हे आधी ठरवून घ्या

वय वाढतं तसं मुख्य पित्तनलिकेत खडा सापडण्याचं प्रमाण वाढतं. पित्ताशय काढलं आणि नळीतला खडा राहिला, तर पंधरा दिवसांनी कावीळ होऊन पुन्हा ॲडमिट. म्हणून लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं असेल, किंवा सोनोग्राफीत नळी रुंद दिसली असेल, तर सर्जनला थेट विचारा: 'एमआरसीपी करायची का?' हा एमआरआयचाच प्रकार आहे. पेसमेकर असेल तर तो एमआरआयला चालणारा आहे का, हे त्याच्या कार्डावरून आधी तपासा.

नळीत खडा असेल तर आधी ईआरसीपी करतात. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढतात आणि बऱ्याचदा नळीत प्लास्टिकचा स्टेंट (वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) ठेवतात. पित्ताशयाचं ऑपरेशन त्याच ॲडमिशनमध्ये किंवा पुढच्या दोन आठवड्यांत उरकावं. स्टेंट घातला असेल तर ती तारीख फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. प्लास्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. ईआरसीपी एका डॉक्टरने केलेली, ऑपरेशन दुसऱ्याने, आणि स्टेंटची आठवण कुणालाच नाही, हे नेहमी घडतं. विसरलेला स्टेंट बुजतो आणि थंडी वाजून ताप येतो.

३. भूलतज्ज्ञांची तपासणी म्हणजे सहीपुरती भेट नव्हे

वयस्कर पेशंटच्या बाबतीत सर्जनइतकाच भूलतज्ज्ञ महत्त्वाचा. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. त्याने फुप्फुसांखालचा पडदा वर ढकलला जातो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. शिवाय डोकं वर आणि अंग डावीकडे कललेलं ठेवतात, त्यामुळे बीपी उतरू शकतं. तरुण शरीर हे सहज सोसतं. हृदय कमकुवत असेल तर गॅसचा दाब नेहमीच्या १२ ते १५ ऐवजी ८ ते १० मिमी पाऱ्यावर ठेवून काम करता येतं. हृदयविकार असेल तर हा विषय काढायला लाजू नका.

तपासण्या साधारण अशा: सीबीसी, साखर आणि एचबीए१सी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लिव्हर फंक्शन, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), रक्तगट, एचआयव्ही आणि काविळीच्या बी-सी विषाणूंची तपासणी, छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). दमा किंवा जुनी विडी-सिगारेट असेल तर फुप्फुसांची फुंकर-तपासणी.

भूलतज्ज्ञ विचारतील, 'दोन मजले न थांबता चढता का?' इथे पेशंट हमखास बढाई मारतो. खरं उत्तर तुम्ही द्या. रात्री किती उशा घेऊन झोपतात, घोरतात का, लघवीला किती वेळा उठतात, दात हलतात का, मागच्या ऑपरेशननंतर बरळले होते का, रोज संध्याकाळी 'थोडीशी' घेतात का, हेही सांगा. शेवटचा प्रश्न सुनेसमोर विचारला तर उत्तर नेहमी 'नाही' असतं. तेव्हा सर्वांना बाहेर जायला सांगा.

ऑपरेशनला आठ-दहा दिवस असतील तर तीन चेंडूंचा स्पायरोमीटर आत्ताच आणा. तासाला दहा वेळा हळू, खोल श्वास आत ओढायचा. नवशिके त्यात फुंकतात, ओढायचा असतो. ऑपरेशननंतर पोट दुखत असताना हे शिकवणं अवघड जातं. याच काळात जेवणात डाळ, अंडं, दही, पनीर वाढवा. सोसेल तेवढं रोज चालवा.

४. गोळ्यांची यादी

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. डब्यातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडा आणि ब्रँडचं नाव, आतलं औषध, मिलिग्रॅम, वेळ असं लिहून काढा. काढे, होमिओपॅथी, फिश ऑइल, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, सगळं. मग भूलतज्ज्ञांकडून प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहून घ्या: कधी थांबवायचं, ऑपरेशनच्या सकाळी द्यायचं की नाही, पुन्हा कधी सुरू करायचं.

साधारण पद्धत अशी असते:

- ॲस्पिरिन ७५: बहुतेकदा चालू ठेवतात, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर.
- क्लोपिडोग्रेल: ५ ते ७ दिवस आधी बंद. पण हृदयात स्टेंट टाकून वर्ष झालं नसेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय हात लावू नका. ठरवून करायचं ऑपरेशन पुढे ढकलता येतं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्येही येतात, पट्टीची मागची बाजू वाचा.
- वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम (रक्त पातळ करायच्या गोळ्या): काही दिवस आधी बंद करून आयएनआर १.५ च्या खाली आला का हे पाहतात.
- रिव्हारोक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन (याही रक्त पातळ करायच्याच): साधारण दोन दिवस आधी बंद, किडनी कमजोर असेल तर जास्त.
- डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: ३ दिवस आधी बंद. या साखरेच्या गोळ्या उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढवतात आणि ग्लुकोमीटरवर साखर बरी दिसत असल्याने कुणाला शंकाही येत नाही. मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतात म्हणून नजरेतून सुटतात.
- ग्लिमेपिराइड: सकाळी नाही, उपाशीपोटी साखर घसरते. इन्सुलिन: पूर्ण बंद नसतं, मात्रा कमी करतात, किती युनिट ते आकड्यात लिहून घ्या.
- टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल: त्या सकाळी बरेचदा देत नाहीत, भूल दिल्यावर बीपी फार उतरतं.
- मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, थायरॉइडची गोळी, फिटची गोळी, पार्किन्सनची गोळी: त्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत. पार्किन्सन असेल तर 'उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नका' हे फाईलवर लिहून घ्या.
- झोपेची अल्प्राझोलाम वर्षानुवर्षं चालू असेल तर अचानक तोडू नका. स्टेरॉइडचंही तेच.

वजन किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइड घेत असतील तर आवर्जून सांगा. त्याने जठर उशिरा रिकामं होतं आणि ठरलेले तास उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं.

५. कागद आणि पैसे

सोबत ठेवा: आधार कार्ड, रेशन कार्ड, विमा पॉलिसी आणि ई-कार्ड, पॅन, जुने डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफी-स्टेंटचे कागद, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म, गोळ्यांची वर सांगितलेली यादी. सगळ्याचे फोटो एका फोनमध्ये हवेत.

पेशंट ७० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. २०२४ पासून त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. घरात सत्तरीवरचे दोघं असतील तर रक्कम दोघांत मिळून. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. दोन्हींसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला) भेटा आणि 'तुमचं हॉस्पिटल योजनेत आहे का' एवढ्यावर न थांबता 'हे ऑपरेशन तुमच्याकडे योजनेत होतं का' असं विचारा. हॉस्पिटल यादीत असतं, पण ती शाखा नसते.

खासगी विम्यात पित्ताशयाच्या खड्यांना बहुधा २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो, तो आधी तपासा. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत, डॉक्टरांची आणि ओटीची फीही त्या प्रमाणात कापतात. ज्येष्ठांच्या पॉलिसीत १० ते २० टक्के स्वतः भरायची अटही असते. केसपेपर लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला त्रास कधीपासून आहे ते तारखेनिशी आणि खरं सांगा. 'खूप वर्षांपासून' असं मोघम बोललात तर तेच लिहिलं जातं आणि क्लेम त्यावरच अडकतो. कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा, असा विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणारी संस्था) काउंटरवर त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

६. आदला दिवस आणि सकाळ

बेंबी साफ करा. हे कुणी सांगत नाही. पहिलं १० मिमीचं छिद्र बेंबीशीच पाडतात आणि वयस्कर माणसाच्या खोल बेंबीत वर्षांचा मळ खड्यासारखा घट्ट बसलेला असतो. दोन दिवस आधीपासून रात्री खोबरेल तेलाचे थेंब सोडा, सकाळी कापसाने हळू टिपा. टोकदार काही घालू नका. पोटावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात. हॉस्पिटलमध्ये मशीनने काढतात.

जेवण ६ तास आधी बंद, तेलकट असेल तर ८ तास. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. तो घेतला तर ऑपरेशन पुढे जातं किंवा रद्द होतं. उलट, 'रात्री बारानंतर थेंबही नाही' म्हणून दुपारी दोनच्या ऑपरेशनसाठी म्हातारीला चौदा तास कोरडं ठेवणंही चूक. तिची किडनी ते सोसत नाही. नंबर कितवा आहे ते विचारा आणि पाण्याची वेळ आकड्यात घ्या.

कवळी, चष्मा, कानाचं यंत्र यांसाठी नाव लिहिलेला डबा न्या. नथ, बांगड्या, मंगळसूत्र घरीच ठेवा. नेलपॉलिश पुसा, बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र चुकतं. पेसमेकर असेल तर पुन्हा एकदा सांगा. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव थांबवायला विजेवरचं जाळण्याचं मशीन वापरतात, त्याचा पेसमेकरवर परिणाम होतो.

संमतीपत्र मराठीत मागा. त्यात 'गरज पडल्यास पोट उघडून' हे शब्द असतील, त्याने घाबरू नका. दुर्बिणीतून नीट दिसत नसताना रेटून नेण्यापेक्षा उघडणारा सर्जन बरा.

७. आत काय होतं

चार छिद्रं: बहुधा दोन १० मिमीची, दोन ५ मिमीची. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी मोकळी करून, पित्ताशयात जाणाऱ्या या दोनच गोष्टी आहेत याची खात्री पटल्यावरच क्लिपा लावून कापतात. या टप्प्यावर घाई झाली तर मुख्य पित्तनलिका कापली जाते. या ऑपरेशनची सगळ्यात वाईट गुंतागुंत तीच. वारंवार सूज येऊन सगळं चिकटलेलं असेल तर शहाणा सर्जन पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून बाहेर येतो. त्याला अर्धवट काम म्हणू नका.

बाहेर तासाऐवजी अडीच तास झाले तर कासावीस होऊ नका. भूल देणं आणि उतरवणं यातही वेळ जातो.

८. पहिली रात्र

शुद्धीवर येताच चष्मा आणि कानाचं यंत्र लावा. वयस्कर पेशंट रात्री बरळतो, मध्येच उठतो, माणसं ओळखत नाही, याचं एक मोठं कारण ऐकू न येणं आणि न दिसणं हेच असतं. ओळखीचं एकच माणूस जवळ ठेवा, नातेवाइकांची रांग नको. मंद दिवा असू द्या. कुठे आहोत, वार कोणता, हे अधूनमधून सांगा. वाद घालू नका. बरळणं सुरू झालं तर 'झोपेचं इंजेक्शन द्या' म्हणण्याआधी नर्सला लघवी, ऑक्सिजन, साखर आणि दुखणं तपासायला सांगा. फेनरगनसारखी गुंगीची औषधं या वयात भ्रम वाढवतात.

प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यावरची टॅम्सुलोसिनची गोळी चालू आहे ना, ते पाहा. ६ ते ८ तासांत लघवी झाली नाही तर लगेच सांगा. 'करेन नंतर' वर विश्वास ठेवू नका.

उजवा खांदा दुखला तर घाबरू नका, पोटात राहिलेल्या गॅसमुळे होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. संध्याकाळीच खुर्चीत बसवा, धरून चार पावलं चालवा. बिछान्यात पडून राहिल्याने पायात गुठळी आणि छातीत कफ, दोन्ही होतात. उठवताना सरळ ओढू नका: आधी कुशीवर, मग पाय खाली, मग कोपरावर जोर. मिनिटभर बसवा, चक्कर नाही ना विचारा, मग उभं करा.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल नियमित वेळेवर मागा. ट्रामाडॉलने भोवळ, भ्रम आणि बद्धकोष्ठ होतो. डायक्लोफिनॅकने किडनीवर ताण येतो.

९. घरी आल्यावर

साधारण १ ते ३ दिवसांत सोडतात. पहिले दोन दिवस पेज, मऊ भात, मुगाचं वरण, ताक. मग घरचं नेहमीचं जेवण, तेल-तूप थोडं कमी. आयुष्यभराचं पथ्य नसतं. काहींना जेवल्यावर लगेच पातळ जुलाब होतात. बहुतेकांचे काही आठवड्यांत थांबतात, नाही थांबले तर औषध आहे. कुंथू देऊ नका, बेंबीच्या टाक्यावर ताण येऊन हर्निया होतो. इसबगोल आणि भरपूर पाणी द्या. हृदय-किडनीमुळे पाण्याचं बंधन असेल तर डॉक्टरांना विचारून. ४ ते ६ आठवडे पाण्याची बादली, सिलिंडर, नातवंडं उचलणं बंद. भारतीय संडास असेल तर काही दिवस कमोड खुर्ची आणा.

एक दिवसही वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं ते अशा वेळी: ताप १००.४ च्या वर, डोळे पिवळे किंवा लघवी गडद, पोट फुगत चाललंय, जखमेतून हिरवट-पिवळं पाणी, सतत उलट्या, धाप, एकाच पोटरीला सूज. आणि दुखणं तिसऱ्या दिवशी कमी होण्याऐवजी वाढतंय, पेशंट पुन्हा जेवण टाकून भिंतीकडे तोंड करून पडून राहतोय, तेव्हाही. पित्त आत झिरपत असेल तर म्हाताऱ्या माणसात एवढंच दिसतं. फोनवर 'गॅस असेल' असं सांगून कुणी बोळवण केली तरी सोनोग्राफी करूनच घ्या.

१०. फाईल बंद करण्याआधी

काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजीला गेलं का, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारा. तो रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, आणि तोवर टाके पाहून झालेले असल्याने तो आणायला कुणी परत जात नाही. वयस्कर माणसात खड्यांच्या आड क्वचित कॅन्सर निघतो आणि तो फक्त या कागदावर कळतो. रिपोर्ट स्वतः आणा, सर्जनला दाखवा.

बंद केलेल्या गोळ्यांची यादी पुन्हा काढा. डिस्चार्ज कार्डावर अँटिबायोटिक आणि ॲसिडिटीची गोळी लिहिलेली असते. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन 'पुन्हा सुरू करा' हे लिहायचं राहून जातं आणि महिन्याभराने पॅरालिसिसचा झटका येतो. प्रत्येक थांबवलेल्या औषधापुढे सुरू करायची तारीख डॉक्टरांच्या हातची हवी. ईआरसीपीचा स्टेंट असेल तर तो काढायची वेळ याच दिवशी घेऊन टाका.